ग्रिमशॉकाकांची पायरी

“लागली पैज!” भिंतीवरच्या पोस्टरला गोंदाचा शेवटचा हात मारत ग्रिमशॉकाका गरजले. “गिरणीच्या सुट्टीत जो आगगाडीनं समुद्रावर जाईल, त्यानं अख्ख्या गल्लीच्या पायऱ्या घासायच्या!”

“माझा फुलाफुलांचा अ‍ॅप्रन घालून!” शेजारच्या हॅलीवेलकाकू म्हणाल्या.

“घालून!”

पोस्टरवर सरकारचा सवाल होता : ‘हा प्रवास खरंच गरजेचा आहे का?’ लढाईच्या त्या उन्हाळ्यात तो भिंतीभिंतीवर होता. समुद्राऐवजी पोरांसाठी बागेत वाळू ओतली होती, गाढवं आणली होती, शिवाय रोज बँड!

गल्लीतल्या छोट्या एनिडला मात्र समुद्र नकोच होता. शनिवारी सैन्यातले बाबा रजेवर घरी यायचे होते. मागच्या खेपेला गाड्या सहलीवाल्यांनी इतक्या खच्चून भरलेल्या, की त्यांची अर्धी रजा फलाटावरच संपली.

सुट्टी लागताच ग्रिमशॉकाकांनी जाहीर केलं, “बायकोला फ्लू झालाय. आमचं दार कुणी वाजवू नका!”

शुक्रवारी गल्लीतल्या साऱ्या बायकांनी नेहमीप्रमाणे घासायच्या दगडानं आपापल्या दारच्या पायऱ्या घासल्या. एकच मळकट राहिली.

“स्टॅन, ती बघ! ग्रिमशॉकाकूंची!” एनिड धाकट्या भावाला म्हणाली. “पाय मोडला होता तरी बसून घासली होती त्यांनी!”

स्टॅननं त्यांच्या दारातल्या टपालाच्या फटीला तोंड लावलं. “काका! खाटकाकडे कधी नव्हे ते सॉसेज आलेत! रांग लागलीय!”

आत चिडीचूप.

“घरात कुणीच नाही!” एनिड हसली. “गेलेत समुद्रावर! सोमवारी गिरणी सुरू, रविवारी गाडी नाही. म्हणजे परत येणार उद्याच्याच गाडीनं. बाबांच्याच!”

दोघं धावत बागेत गेली. “मास्तर, आमच्या बाबांच्या स्वागताला स्टेशनवर वाजवाल?”

बँडमास्तरांनी मिशी पुसली. “सैनिकासाठी? अगं, जोरात वाजवू!”

शनिवारी बँडमागून अख्खी गल्ली स्टेशनवर लोटली. गाडी आली. दार उघडलं आणि पहिले उतरले ग्रिमशॉकाका! नाक उन्हानं बीटासारखं लाल, हातात शिंपल्यांची बादली. मागे तोंड लपवत काकू. ढम्! ढम्! बँड सुरू!

“फ्लू उतरला वाटतं!” हॅलीवेलकाकू ओरडल्या.

आणि त्यांच्या मागून, लंगडत...

“बाबा!”

“आलो गं! पण पाय मेलेत पार. सगळी वाट उभाच होतो. शिवाय जागा नाही म्हणून या गृहस्थांची बादली माझ्या डोक्यावर!”

काकांचं नाकच नाही, कानही लाल झाले.

रविवारी प्रार्थनेला निघालेली माणसं थबकून बघत होती. काका फुलाफुलांच्या अ‍ॅप्रनमध्ये, गुडघ्यांवर!

“कोपरा राहिला हो!” स्टॅन ओरडला.

“पोरांनो, पोलिसांत जा तुम्ही!” हॅलीवेलकाकूंनी दोघांची पाठ थोपटली.

शेवटी एनिडचं घर आलं. पायरीवर बाबांचे बूट होते. काकांनी ते हळूच बाजूला ठेवले, पायरी घासली आणि पुन्हा दगड ओला केला.

“झाली की स्वच्छ,” एनिड म्हणाली.

“ही दोनदा घासतो, पोरी,” काका खालमानेनं पुटपुटले. “मी गाडीत बसून आलो ना.”