टोपलीखालचा ठसा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर खाप्याजवळच्या जंगलात स्वतः चालून या. आमच्या वनपाल अनिशसारखं टपरीवर बसून मत देऊ नका.

मागच्या व्याघ्रगणनेत आमचे वनमजूर मनोहरराव वाघाच्या हल्ल्यात गेले. वाघाचा ठसा दिसला की ते त्यावर टोपली पालथी घालायचे. मोजमाप होईपर्यंत गुरांनी तुडवू नये म्हणून.

जोडीनंच चालायचं, हा नियम. पण त्या सकाळी अनिशसाहेब टपरीवर तर्री-पोह्यात रंगले होते.

"मनोहरराव, तुम्ही व्हा समोर. आम्ही येऊनच राहिलो."

आणि अहवालात काय लिहिलं? 'वनमजूर आदेश नसताना एकटा गेला.'

मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा! किळस येते मला त्याची.

या जानेवारीत पुन्हा तीच वाट. सकाळचे सात. अनिश, वनरक्षक म्हणून मी आणि नवा वनमजूर मधुसूदन.

पहिल्याच वळणावर... पालथी टोपली.

"ही तू ठेवली का गा?" अनिशनं दरडावलं.

"नाही जी साहेब. मी तं तुमच्यासंगंच येऊन राहिलो."

मधुसूदननं टोपली उचलली.

खाली वाघाचा ठसा नव्हता. बुटाचा होता. ताजा. टाचेला आडवी चीर...

अनिशच्या बुटाला तशीच चीर आहे.

पण त्या जागी अनिशचं पाऊल अजून पडलंच नव्हतं.

पुढे दुसरी टोपली. मग तिसरी. प्रत्येकीखाली तोच बूट. एकही पाखरू बोलत नव्हतं.

मनोहरराव सापडले तो नाला आला. आणि वळणापलीकडून आवाज आला...

थप्.

कुणीतरी आणखी एक टोपली जमिनीवर ठेवली होती.

मधुसूदन कुजबुजला, "ज्याचा ठसा झाकला, त्याले मोजाले येतेच जी कोणीतरी."

अनिश पळाला. थेट गाडीपर्यंत. म्हणे मोठा साहेब! आठवड्यात बदली मागून घेतली भित्र्यानं. मी पोट धरून हसले.

काल सकाळी नागपुरात मी घराचं दार उघडलं.

पायरीखालच्या मातीत... पालथी टोपली.

मी ती अजून उचललेली नाही. उचलायची हिंमतच होत नाही.

त्या सकाळी टपरीवर मीही होते. अहवालाखाली दोन सह्या आहेत.

दुसरी माझी.