निळ्या रेघेपर्यंत

सकाळी उठलं की इशबेलचं पहिलं काम गाडीच्या काचा पुसण्याचं. शेगडी पेटवण्याच्याही आधी. बंद गाडीत झोपणाऱ्या माणसाचा श्वास रात्रभर काचांवर जाऊन बसतो, आणि सकाळी तो पुसून काढला नाही तर भिंतीत उतरतो, लाकडात शिरतो, गादीला बुरशी आणतो. ती एक जुनं मऊ फडकं घेई, पुढच्या मोठ्या काचेपासून सुरुवात करून मागच्या दारापर्यंत येई, आणि फडकं एका पांढऱ्या एनॅमलच्या पेल्यात पिळी. पेल्याच्या काठाखाली एक निळी रेघ होती. डूगल होता तेव्हा पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत येत असे.

"ही बघ, आपल्या दोघांची एक रात्र," पेला उजेडात धरून तो म्हणे. "यातली निम्म्याहून जास्त तुझी. झोपेत बडबडतेस किती!"

आता पाणी निम्म्यावर थांबत असे.

डूगलचं दफन तिने कोरड्या डोळ्यांनी पार पाडलं होतं. त्याचे बूट, त्याची हत्यारं, सगळं ज्याला त्याला देऊन टाकलं होतं. पण रोज सकाळी तो अर्धा पेला हातात आला की तिला खाली बसावं लागे.

डूगल सुतार होता. काम सोडल्यावर दोघांनी उत्तर स्कॉटलंडातल्या इन्व्हरनेसमधलं घर विकलं आणि बेकरीची एक जुनी गाडी घेतली. तिच्या पत्र्यात त्याने मैत्रीण एफीच्या मेंढ्यांची लोकर ठासून भरली, वर पाइनच्या फळ्या ठोकल्या, कोपऱ्यात लहानशी लोखंडी शेगडी बसवली. उन्हाळाभर ते मनाला येईल तिकडे भटकत. हिवाळा मात्र एफीच्या रानात, समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावर, दगडी बांधाच्या आडोशाला. असे दोन हिवाळे सुखात गेले. तिसरा तोंडावर असताना, सप्टेंबरात, डूगल पावाच्या दुकानात रांगेत उभा होता, तो तिथेच कोसळला. मागच्या बाईला वाटलं, नाणं उचलायला वाकलाय.

इशबेलने गाडी सोडली नाही. तिला दुसरं घर नव्हतं हे खरंच. पण असतं तरी ती गेली नसती.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती जळण आणायला एफीकडे गेली. एफी आणि तिचा भाऊ निनियन, दोघंही सत्तरी ओलांडलेली, दोघंही बिनलग्नाची, जन्मापासून एकाच छपराखाली भांडत आलेली. निनियन पडवीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या, वाळलेल्या विटा तिच्या पोत्यात भरत होता.

"मागची खोली रिकामी आहे," एफी म्हणाली. "किती वेळा सांगू? पलंग आहे, दोन गोधड्या आहेत. थंडी सरेपर्यंत ये. मग जा परत तुझ्या डब्यात."

"त्या खोलीत वसंतात कोकरं ठेवली होती," निनियन मान वर न करता म्हणाला. "वास अजून आहे."

"तुझ्यापेक्षा बरा आहे तो वास."

"मी फक्त सांगून ठेवलं. उद्या बाई म्हणायची, आधी का नाही बोललात."

इशबेल हसली. "गाडीत ऊब आहे मला, एफी. खरंच."

"ऊब म्हणे! नाक बघ आरशात, बीटासारखं झालंय." एफीने ओटच्या जाड रोट्यांची पुरचुंडी तिच्या खिशात कोंबली. "आणि झरोका उघडा ठेवतेस ना? त्या झरोक्यावरून डूगलने माझं डोकं खाल्लं होतं. जसं काही मीच झोपणार होते गाडीत."

"ठेवते."

झरोका गाडीच्या छतात, मधोमध होता. त्याचं झाकण एका दांडीने वर-खाली होई आणि दांडीच्या टोकाला डूगलने घडवलेली बर्चच्या लाकडाची गुळगुळीत मूठ होती. शेगडी पेटलेली असेल तर झरोका चार बोटं उघडा, बाहेर दगड फुटेल एवढा गारठा असला तरी, हा त्याचा नियम. ती हळूच बंद करी, तो उठून उघडी.

"अरे, माझ्या नाकावर बर्फ पडतोय!"

"पडू दे. ऊब गेली तर परत आणता येते, इशबेल. हवा गेली तर उठून आणणार कोण?"

एफीकडून परतली त्या रात्री वारा फिरला, झरोक्यातून भुरभुर बर्फ पांघरुणावर येऊ लागला. तिने हात वर करून मूठ ओढली. झाकण बसलं. मग ती बराच वेळ जागी राहिली. कोणी उठलं नाही, कोणी उघडलं नाही.

सकाळी डोकं जड होतं. तिने काचा पुसल्या, फडकं पिळलं. पुन्हा पुसल्या, पुन्हा पिळलं. पाणी निळ्या रेघेला टेकलं.

झरोका बंद होता, म्हणून ओल जास्त धरली. एवढी साधी गोष्ट. तिने स्वतःला ती मोठ्याने सांगितलीसुद्धा. पण पलंगाच्या दोन्ही अंगांना दोन खिडक्या होत्या, एक तिच्या बाजूची, एक त्याच्या. त्याच्या बाजूची काच सप्टेंबरपासून जवळपास कोरडी असे. आज तिच्यावरूनच ओघळ वाहत होते. इशबेलने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ज्येष्ठमधाची चव. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या तोंडात ठेवून झोपायची त्याला सवय होती. दात जातील म्हणून ती ओरडत असे.

दुसऱ्या रात्री तिने झरोका उघडा ठेवला. सकाळी अर्धा पेला.

तिसऱ्या रात्री बंद केला. सकाळी निळी रेघ.

त्यानंतर तिने तो उघडलाच नाही.

हळूहळू श्वासही ऐकू येऊ लागला. अंधार तिथे दुपारी साडेतीनलाच पडतो. शेगडीत पीट लाल होऊन बसला, त्याचा तो जळक्या मातीचा, ओल्या मुळांचा वास गाडीभर पसरला, फळ्यांमागची लोकर तापून मेंढीसारखा वास मारू लागली की ती पलंगावर आडवी होई, त्याच्या बाजूला तोंड करून. आधी काहीच नसे. मग छाती भरल्याचा आवाज. मग सोडलेला श्वास, आणि त्याच्या टोकाला एक बारीक शीळ, लांब कुणाच्या तरी घरात किटली ठेवल्यासारखी. ती हात पुढे करत नसे. हात केला आणि तिथे काही नसलं, तर?

विषारी वायूची सूचना देणारी एक डबी दाराजवळ भिंतीला लावलेली होती. एका संध्याकाळी ती किंचाळू लागली. श्वास तत्क्षणी थांबला. इशबेलने डबी काढली, तिचा सेल बाहेर काढला आणि दोन्ही लोकरी मोज्यात गुंडाळून खणात ठेवून दिले. थोड्या वेळाने श्वास परत आला.

एफीने तिला अंगणात झोकांडी जाताना पाहिलं. "काय गं, दिवसाढवळ्या घेतलीस की काय?"

"सर्दी आहे."

"सर्दीने माणूस असं हसतं का?" एफी जवळ आली. तिने इशबेलच्या गालाला उलटा हात लावला. तिचा आवाज उतरला. "पोरी, मी आईला पुरलं, बापाला पुरलं. मला ठाऊक आहे. पण तू कशाने तरी... खूश दिसतेस. त्याचीच मला भीती वाटते. आज वादळ येतंय. आज तरी ये."

"उद्या येते," इशबेल म्हणाली. तिला घाई झाली होती. अंधार पडत आला होता.

वादळ आलं ते समुद्रावरून आडवं. गाडी बांधाला टेकून थरथरत होती. मग बर्फ इतका पडला की आवाजच बुडाला, आणि गाडी कापसात ठेवल्यासारखी झाली. इशबेलने शेगडीत विटा रचल्या. पीट धुमसत राहिला. धूर नीट ओढला जात नव्हता, पण ते तिला उशिरा कळलं असतं, आणि कळूनही तिने काही केलं नसतं. अंगात मस्त ऊब भरली होती. पायही गरम होते. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

शेजारी श्वास सुरू झाला. आज अगदी जवळ. कानाच्या पाळीला त्याची ऊब लागत होती.

"आलास," ती म्हणाली.

छतात काहीतरी कुरकुरलं. तोंडावर गार हवेची रेघ आली. तिने डोळे उघडले. शेगडीच्या लाल उजेडात झरोक्याची दांडी वर ढकललेली दिसली.

तिने उठून बंद केलं. हात शिशासारखे जड झाले होते. ती आडवी होते न होते तोच मूठ वर गेली, हळू, ओळखीच्या बेताने, आणि झाकण पुन्हा वर सरकलं.

"डूगल, नको..."

तिने गळ्यातला मफलर काढला, मूठ आणि छताची कडी एकत्र आवळून गाठ मारली. एक, मग दुसरी. मग पलंगावर कोसळली. डोक्यात दूरवर घण पडत होते. श्वास शेजारी नव्हता आता. तो वर होता, झरोक्याखाली, धापा टाकत, म्हाताऱ्या माणसाने घट्ट झाकण उघडताना टाकाव्यात तसा.

"उघडलंस तर तू जाशील," ती पुटपुटली. "मग सकाळी... परत अर्धाच... मला नाही जमत रे. मी येते ना तुझ्याकडे. झालंच आहे आता..."

धाप थांबली. त्याच्या बाजूच्या काचेवरचा दाट ओलावा कुणीतरी आतून पुसला, तळहाताने, गोल. डूगल रोज तसंच करी, बाहेरचं हवामान बघायला. त्या गोलात काळोख होता, आणि काळोखात खूप लांब एफीच्या स्वयंपाकघरातला दिवा.

मग एक पूर्ण श्वास आत घेतल्याचा आवाज आला. लांब. थांबतच नव्हता. गाडीतला सगळा धूर, सगळी ऊब, तिच्या अंगावरची, पांघरुणातली, त्या एका श्वासात ओढली जात होती. ती गारठली. तिने "डूगल" म्हणायला तोंड उघडलं. वर लाकडावर लाकूड आपटलं. तिच्या तोंडावर बर्फाचा लगदा पडला, आणि ज्येष्ठमधाचा वास तिच्या केसांवरून, कपाळावरून वर निघून गेला.

शुद्धीवर आली तेव्हा ती एफीच्या मागच्या खोलीत होती. कोकरांचा वास खरंच अजून होता. एफी पलंगाशी बसून ओटची पेज ढवळत होती आणि रडल्याने तिचे डोळे सुजले होते.

"धुराड्यावर बर्फ बसून ते पार बंद झालं होतं," दारातून निनियन म्हणाला. "गाडीत धूर कोंडला होता. झरोका सताड उघडा होता म्हणून वाचलीस. पण उघडलास कसा? वर मांडीएवढा बर्फ होता, गोठलेला. मला फावड्याने फोडायला..."

"तू जा, मेंढ्या बघ," एफी म्हणाली. तो गेल्यावर तिने चमचा पुढे केला. "एवढं शहाणपण सुचलं, देवाची कृपा. झरोका उघडलास, मफलर कानाभोवती नीट गुंडाळून घेतलास, मगच पडलीस. नाहीतर कान गळून पडले असते. ऐकतेस ना? खा."

इशबेलने मफलराला हात लावला. तो अजून गळ्यात होता. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. ती स्वतः कधीच टोक आत खोचत नसे. तिने पेज खाल्ली. नंतर भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, पुष्कळ रडली.

चालता यायला लागल्यावर तिने गाडी आवरली. राख काढली, पांघरुणं एफीकडे आणली, तो पेलाही आणला. शेगडी थंड होती. झरोका तिने उघडाच ठेवला, चार बोटं, जसा त्याला हवा असे. दार लावून कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

मागच्या खोलीतल्या खिडकीची काचही रात्रभर घाम धरी. सवयीने ती सकाळी पुसू लागली, पेल्यात पिळू लागली. अर्धा पेला. रोज अर्धाच. रडू येई, पण आता खाली बसावं लागत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी बर्फ थांबला, आकाश निवळलं. ती काच पुसून बाहेर बघत होती. रानात गाडी उभी होती, आणि गाडीच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बाहेरून नव्हे, आतून. कुणी रात्रभर आत झोपलं की होतात तशा. पलंगाजवळच्या एका काचेवर मधोमध एक गोल पुसलेला होता, घराच्या बाजूला बघणारा.

तिने कोट चढवला. आपला अर्धा पेला आणि फडकं हातात घेतलं. बर्फावर गाडीपर्यंत कुणाचीही पावलं नव्हती, फक्त तिची उमटत गेली. कुलूप जागच्या जागी होतं. आत शेगडी थंड, राखेचा कणही नाही. तिने वर पाहिलं. झरोका बंद होता, मूठ घट्ट ओढून घेतलेली. तो उघडा ठेवायचा तो तिच्यासाठी. आता आत ती नव्हती.

पलंगावर त्याच्या बाजूची गादी थोडी दबलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन थंडीत झोपलेल्या माणसाएवढी.

इशबेलने एकेक काच पुसली. पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत. तो गोल तेवढा तिने तसाच ठेवला. मग पेल्यातल्या आपल्या पाण्यावर फडकं पिळलं.

निळ्या रेघेपर्यंत.

बाहेर तिचा श्वास हवेत गोठत होता. पेला तिने दोन्ही हातांत धरला, छातीशी. पाणी कोमट होतं.