टोकाचा रेझिस्टर

आबिड्सच्या दुकानात सात पिनांचा गोल सॉकेट एकच उरला होता आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले.

"सॉरी... घ्या तुम्ही," आजूबाजूला सगळं तेलुगू चालू असताना तो तरुण मराठीतच पुटपुटला.

"घेतेच," त्रिवेणी म्हणाली. "पण ट्रॅक्टरचा सॉकेट घेऊन तुम्ही काय करणार?"

तो पुण्याच्या एका ट्रॅक्टर कंपनीतला इंजिनिअर होता, तेजस. अंबरपेठेत केशवरावांचा कारखाना शोधत होता. त्रिवेणीला हसूच आलं. ती केशवरावांकडेच कामाला होती.

"चला मग. सॉकेट माझा, रिक्षा तुमची!"

कारखाना कसला, वरच्या मजल्यावरची एक खोली आणि पाच माणसं. पेरणी यंत्रातून पडणारं बी मोजणारी पेटी केशवराव तिथे बनवत. तेजसच्या कंपनीच्या नव्या ट्रॅक्टरवर डिस्प्ले होता. पेटीतला आकडा त्या डिस्प्लेवर उमटला, की मोठी ऑर्डर मिळणार, खोलीचा कारखाना होणार. पण दोन कंपन्यांची यंत्रं. एकीचं बोलणं दुसरीला कळेना. श्रावण गेला, दिवाळी सरली, डिस्प्ले कोराच आणि तेजसचा मुक्काम लांबतच गेला.

"उद्यापर्यंत होईल?" तेजस विचारायचा.

"हौ."

"हौ म्हणजे हो ना?"

"तुम्ही पुणेकर हो म्हणून वाद घालता. आम्ही इथले हौ म्हणून कामाला लागतो."

तो हसला की त्याच्या हातातली सोल्डरची तार थरथरायची. तिला बारीक टाका दिसेनासा झाला, की तो भिंग पुढे धरायचा. नल्लकुंट्याला घरी जाताना बसमध्ये तिला ते भिंग आठवत राहायचं... आणि ते धरणारी बोटं.

एका सकाळी ती लवकर आली. येता येता तिला सुचलं होतं — तारेच्या टोकाला निरोप जिरवणारा रेझिस्टर नाही, म्हणून पेटीचा निरोप टोकावर आपटून माघारी येतो आणि मागून येणाऱ्या निरोपात कालवला जातो. तिने तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडला. मूठभर ज्वारी पेटीच्या नळीत सोडली. डिस्प्लेवर आकडे पळू लागले!

ती जिन्यातून खाली केशवरावांना ओरडून सांगणारच होती. तेवढ्यात मनात आलं — झालं. आता हा परवाच्या गाडीने पुण्याला जाणार.

तिने रेझिस्टर काढला आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. दोन दिवस, फक्त दोन दिवस... दोनाचे वीस झाले. रोज केशवराव विचारत, "काय गं पोरी, बोलली का पेटी?" ती मान खाली घालायची.

एकविसाव्या दिवशी पुण्याहून फॅक्स आला. परदेशातून माल आणायला आता सरकारची आडकाठी उरली नव्हती. कंपनीने डिस्प्ले आणि पेटी, सगळं एकाच परदेशी कंपनीकडून घ्यायचं ठरवलं होतं. केशवरावांनी फॅक्स दोनदा वाचला, चष्मा पुसला, "चहा सांगून येतो" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्रिवेणीने डबी उघडली. "तेजस... हा मी काढला होता."

त्याने रेझिस्टर तळहातावर घेतला. "माहीत आहे. त्याच दिवशी टोकाला काहीतरी जोडून काढल्याचं ताजं सोल्डर दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ज्यासाठी काढलास... त्याचसाठी."

इतके दिवस जे ऐकण्यासाठी जीव आसुसला होता, ते ऐकून तिला रडूच कोसळलं. तेजसने रेझिस्टर जागेवर जोडला आणि ज्वारी सोडली. आकडे पळू लागले.

"बोलली!" दारातून केशवराव लहान मुलासारखे ओरडले. "बोलली गं!" मग त्यांची नजर टेबलावरच्या फॅक्सवर गेली. "आठ दिवस आधी बोलली असती तर..."

"वीस दिवस झाले, काका," त्रिवेणी म्हणाली. "मीच तिचं तोंड दाबून ठेवलं."

"आम्ही दोघांनी," तेजस म्हणाला.

केशवरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं.

"ज्वारी गोळा करा," ते एवढंच म्हणाले. "पायाखाली येते."

दोघं जमिनीवर बसून दाणे वेचू लागले. वेचता वेचता एकाच दाण्यावर दोन हात एकदम पडले.

या वेळी दोघांनीही हात मागे घेतला.