सलामाचं उत्तर

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली आणि फहाद आपल्या नानीला, महमुदाला, बहरीनच्या अदलिया भागातल्या एका कॅफेत घेऊन आला. वरच्या खोलीत जाड पडदे ओढून तो तिला शंभर वर्षांपूर्वीचा मुका अमेरिकी सिनेमा दाखवणार होता.

महमुदाचे अब्बा रत्नागिरीहून बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि अमेरिकेत नट झाले. कधी सुलतानाचा पहारेकरी, कधी जहाजावर रांधणारा भंडारी. नाव कुठेच नाही, मरण मात्र दर सिनेमात ठरलेलं! गावी परतल्यावर हे कुणालाच पटलं नाही. 'थापाड्याची लेक' हे बिरुद महमुदाला सासरीही चिकटलं, ते आज पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत. तिचा दीर हमीद तर आज खास हसायलाच आला होता.

पडद्यावर ढेरपोट्या, दाढीवाला पहारेकरी खंजीर लागून कोसळला. नायिका त्याच्या छातीवर डोकं टेकून रडू लागली.

"खोटी दाढी नि तोंडाला रंग, भाबी," हमीद म्हणाला. "हा कोनपन असंल."

महमुदाला हुंदका आवरेना. अंधारात ती हळूच म्हणाली, "अस्सलामु अलैकुम, अब्बा..."

सलामाला उत्तर द्यावंच लागतं. खोलीत खोबरेलाचा आणि ओल्या रंगाचा वास दाटत गेला.

मेलेल्या पहारेकऱ्याने डोळे उघडले. सरळ तिच्याकडे बघितलं. ओठ सावकाश हलले... वालेकुम अस्सलाम. मग आणखी एकच शब्द, तोही तिघांना ओठांवर वाचता आला. मम्मू.

"मम्मू कोन...?" हमीदने विचारलं.

"मीच. अब्बा सोडून कुणी मला तशी हाक मारली नाय."

फहादने सिनेमा मागे नेला. तोच प्रसंग पुन्हा लागला. नायिका रिकाम्या गालिच्यावर डोकं टेकून रडत होती. पहारेकरी नव्हताच.

महमुदा मोकळी हसली. सगळ्या जन्माची बोलणी त्या हसण्यात धुऊन निघाली.

"माणसानं किती वेला मरायचं? अब्बांचं मरायचं काम खलास! यल्ला, घरी चला."

गाडीत ती मागे बसली. "पुढे अब्बा बसतील," म्हणाली. हमीद मुकाट्याने तिच्या शेजारी बसला.

फहादने मुहर्रकच्या घराकडे गाडी वळवली, तशी ती टिंग टिंग वाजू लागली. पुढच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला नव्हता.

अखेर हमीदने मागून वाकून बेल्ट ओढला. "माफ करा, चाचा..." म्हणत अडकवला. आवाज थांबला.

पण बेल्ट सीटवर सपाट पडला नाही. ढेरीवर बसावा तसा तो गोलाकार बसला, आणि घर येईपर्यंत सावकाश वरखाली होत राहिला.