वास नसलेली गाडी

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चाकणच्या गंधनकाशावर खाण्याच्या एकशे सत्तावीस गाड्या होत्या. वडापावच्या एकेचाळीस, भुर्जीच्या तेवीस, चायनीजच्या एकोणीस, मिसळीच्या बारा, पाणीपुरीच्या अकरा, डोशाच्या नऊ आणि किरकोळ बारा. जपानी एकही नव्हती.

रेवती नाखवाने तोच शोध चौथ्यांदा चालवला. चौथ्यांदाही उत्तर शून्य आले.

रस्त्यावरच्या दर तिसऱ्या दिव्याच्या खांबावर काडेपेटीएवढा एक गंधवेधक बसवलेला होता. त्याच्या पोटात अठ्ठेचाळीस पातळ पडदे होते आणि प्रत्येक पडदा हवेतले एका जातीचे रेणू पकडायचा. अठ्ठेचाळीस आकड्यांची ती ओळ म्हणजे त्या वासाचा गंधठसा. सुरुवातीला हे जाळे गॅसगळती आणि जळता कचरा शोधण्यासाठी उभारले होते. पुढे ते सगळेच वास नोंदवू लागले. रेवती गंधनियंत्रण कक्षात विश्लेषक होती आणि आज सुट्टी असूनही कामावर आली होती.

तिची आई, चंद्रकला, पाच महिन्यांपूर्वी तापाने आजारी पडली. ताप गेला आणि जाताना वासाचे ज्ञान घेऊन गेला. तेव्हापासून तिला भाकरी पुठ्ठ्यासारखी लागायची, डाळ कोमट पाण्यासारखी. तिचे खाणे कमी होत गेले. आता वजन अडतीस किलो होते. सोमवारी सकाळी पोटात नळी बसवायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "एखादा ओळखीचा, तीव्र वास मेंदूला पुन्हा जागं करू शकतो," असेही ते म्हणाले होते, "पण कोणता, ते मी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारा."

रेवतीने विचारले होते. आई म्हणाली होती, "आप्पे."

रेवतीने तांदूळ-उडदाचे आप्पे केले. दुसऱ्या दिवशी रव्याचे केले, तिसऱ्या दिवशी गुळाचे. आईने प्रत्येक वेळी जिभेने शिवून ताटली बाजूला सारली. चौथ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "हे नाय गो. गेटवरचे."

तेव्हा रेवतीला उलगडा झाला. आई एकोणीस वर्षे एका जपानी गिअर कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होती. कारखान्याच्या गेटबाहेर ढवळे नावाच्या माणसाची गाडी होती. तिथे ताकोयाकी मिळायची: पातळ पिठात समुद्री प्राण्याचा तुकडा घालून खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर भाजलेले गोळे. तवा आप्पेपात्रासारखा, म्हणून सगळा कारखाना त्यांना आप्पेच म्हणायचा. रेवतीने चार दिवस फुकट घालवले होते. कारखाना तीन वर्षांपूर्वी हलला होता आणि गेटवर आता गोदामाची भिंत होती.

"मिळाली का तुझी जपानी गाडी?" शेजारच्या टेबलावरून इरफान मुजावरने विचारले. तोही विश्लेषकच होता. शनिवारची पाळी त्याची होती.

"ताकोयाकीचा ठसा घेतला, जपानी पाककृतीवरून बांधलेला. काहीच जुळत नाही."

"पाककृती जपानी, पण गाडी चाकणची. आपल्याकडच्या चायनीजचा ठसा चीनमध्ये कुठे जुळेल का, सांग बरं?"

रेवतीला हसू आले नाही, पण मुद्दा पटला. तिने घरी फोन लावला. "आये, त्या आप्प्यांवर काय असायचं?"

"तो मेला लाकडासारखा मासा किसून टाकायचा," आई म्हणाली. "मी म्हटलं, त्यापेक्षा आमचा जवळा टाक. भाजून. मग बघ रांग."

जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. रेवतीने ठशातून जपानी मासा काढला, भाजलेला जवळा घातला आणि जुन्या नोंदी उघडल्या. खांब क्रमांक सहाशे अकरा, कारखान्याच्या जुन्या गेटसमोरचा. अडीच वर्षे, रोज संध्याकाळी, ठसा लख्ख होता. मग एका फेब्रुवारीत तो अचानक तुटला होता. खाली तीन नोटिसांचे दुवे होते. कारण एकच: आक्षेपार्ह वास, सुकी मासळी.

इरफान मागे येऊन उभा राहिला. संगणकावर आक्षेपार्ह वासांची यादी होती आणि यादीखाली ती तयार करणारीचे नाव होते.

"ही तर तुझीच," तो हळूच म्हणाला.

"मी फक्त तक्रारी मोजल्या होत्या. सोसायट्यांच्या तक्रारींत सुकी मासळी पहिली आली. मी क्रमाने लावल्या, बस."

"आणि तू नाखवा. कोळ्यांची पोर."

लहानपणी अलिबागला आजीच्या अंगणात रेवती जवळ्याच्या वाळवणावर बसून अभ्यास करायची. यादी करताना ते आठवले नव्हते. आकडे होते, ते बरोबर होते.

"यादी बदल मग."

"नव्वद दिवस लागतात. हरकती, सुनावणी. माझ्याकडे दीड दिवस आहे."

नोटिसा आल्यावर गाडीवाल्यांनी काय केले असेल? ते तिला ठाऊक होते. ते तव्यावर गंधशोष लावत. म्हणजे पंखा आणि कोळशाची जाळी असलेली टोपी. कोळसा वासाचे रेणू धरून ठेवतो. मग ढवळे अजून धंदा करत असले, तरी त्यांच्या गाडीला वासच नसणार. जे हवेत नाही ते हवेत शोधायचे कसे?

ती दहा मिनिटे पेन्सिल चावत बसली. मग एकदम सरळ झाली. तसला कोळसा वास धरतो, पण कार्बन डायऑक्साइड जवळपास सगळा सोडून देतो. शेगडी पेटली की तो वायू वाढणारच. म्हणजे वास नव्हे, भोक शोधायचे: जिथे संध्याकाळी शेगडीचा वायू चढतो आणि बाकीचे पडदे गप्प राहतात, अशी जागा.

नकाशावर तीन भोके निघाली. पहिले इस्त्रीवाल्याचे होते. दुसरे एका लॉजच्या पाणी तापवायच्या खोलीमागे होते. तिसरे टायरच्या दुकानामागच्या गल्लीत होते.

साडेसहाला ती त्या गल्लीत पोचली. पत्र्याच्या टोपीखाली बिडाचा तवा होता. साठीचा एक माणूस दाभणाने गोळे उलटत होता. वास खरोखरच काही नव्हता. काचेतून पाहिल्यासारखे वाटत होते.

"ढवळेकाका? मी नाखवाबाईंची मुलगी. कँटीनमधल्या."

"अरे बापरे!" त्यांनी दाभण खाली ठेवले. "कशा आहेत बाई? त्यांना म्हणावं, तुमच्या शिष्याने आता वरून शेव टाकायला घेतली. शिव्या देतील. द्यायलाच पाहिजेत."

रेवतीने सगळे सांगितले. सोमवारची नळीही सांगितली. ढवळे ऐकता ऐकता तवा पुसत राहिले.

"जवळा भाजला की तीन मिनिटांत तो खांब ओरडतो," ते म्हणाले. "तीन नोटिसा झाल्यात. चौथीला परवाना जातो, ताई. घरी न्या तुम्ही पीठ, तवा देतो."

"आमच्या इमारतीत जिन्यावर वेधक आहे. आणि बाजारात आता निर्गंध जवळाच मिळतो, पाकीटबंद. त्याला वासच नाही. आई तो ओळखणारसुद्धा नाही."

"माझ्याकडे आहे. जुना, काचेच्या बरणीत. टाकवला नाही." ते थांबले. "कोणी केली हो ही यादी? एकदा भेटलं पाहिजे त्या माणसाला."

"मी केली."

तव्यावरचे दोन गोळे करपले. ढवळ्यांनी ते उचलून बाजूच्या डब्यात टाकले. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"मुद्दाम?"

"नाही. मोजताना."

"मग मला कशाला सांगितलंत? न सांगता मागितलं असतं तरी चाललं असतं."

"तुमचा परवाना जाईल हे माहीत असून मागतेय. मग कोणाकडे मागतेय, तेही तुम्हाला माहीत असायला हवं."

त्यांनी रिकाम्या खळग्यांत पीठ ओतले आणि म्हणाले, "उद्या चारला या. बाईंना घेऊन. डब्यात नेलेल्या आप्प्यांना काही अर्थ नसतो."

रविवारी चार वाजता रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. चंद्रकला मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले होते. एवढ्या प्रवासानेच तिला धाप लागली होती. ढवळे लांबूनच म्हणाले, "बाई, आलात!" तिने मान हलवली की रिक्षाच हलली, ते कळले नाही.

ढवळ्यांनी गंधशोषाचे बटण बंद केले. पंख्याची घरघर थांबली. बरणीचे झाकण उघडून त्यांनी मूठभर जवळा कोरड्या कढईत टाकला.

रेवतीला तो वास लगेच आला. एक मिनिट झाले. आईचा चेहरा तसाच होता. दोन मिनिटे झाली. रिक्षावाला नाकाला रुमाल लावून पुढे जाऊन उभा राहिला. रेवती आईचा हात धरून होती. हातात काही फरक पडला नाही. आपण एका माणसाची गाडी बुडवली आणि त्यातून काहीच निघाले नाही, हे तिला स्वच्छ दिसू लागले.

खांबावरचा दिवा लाल झाला. ढवळ्यांचा फोन वाजला.

"वाचा ना, काका," रेवती म्हणाली. "बंद करा हवं तर. अजून वेळ असेल."

"आधी उलटायचे असतात, मग वाचायचं." ते दाभण घेऊन तव्याकडे वळले. "एका बाजूने लागले की संपलं."

कढई विस्तवावरच राहिली होती.

"ढवळ्या," रिक्षातून आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते. "करपला रे जवळा."

ढवळ्यांनी कढई झटकन खाली उतरवली. रेवती उभीच राहिली. मग तिने ताटलीत सहा गोळे घेतले, वर जवळा टाकला आणि पीठ मोजायच्या काट्यावर ताटली ठेवून आकडा लिहून घेतला. नळी टाळायची तर डॉक्टरांना आकडा लागणार होता.

आईने पहिला तुकडा तोंडात बराच वेळ धरला. तेवढ्यात ढवळ्यांनी फोन उघडून चौथी नोटीस वाचली, फोन खिशात ठेवला आणि शेगडी बंद केली.

वीस मिनिटांनी आईने ताटली परत दिली. रेवतीने ती पुन्हा काट्यावर ठेवली आणि वजाबाकी केली.

बेचाळीस ग्रॅम.