टॅन्सीने बदक कोणाच्या हातात दिलं?

हे खरं घडलंय. रचून सांगायचं असतं तर मी यात एखादी किंकाळी तरी घातली असती. यात तसलं काही नाही.

यात फक्त एक कुत्री आहे. आणि तिला जे शिकवलं होतं, तेच ती करत होती.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते राल्फ लेगट, माझ्या बायकोचे सख्खे मामा. लिंकनशायरच्या किनाऱ्यावर, वॉशच्या खाडीकाठी त्यांचं सगळं आयुष्य गेलं. धंद्याने सुतार, पण जीव सगळा बदकांच्या शिकारीत. मार्जरीमामी गेल्यावर घरात दुसरा जीव उरला तो टॅन्सीचा. काळी लॅब्रडॉर, अडीच वर्षांची. मामीनेच शेवटच्या आजारपणात हे पिल्लू निवडलं होतं. मामा तिच्याशी जेवढं बोलत, तेवढं आमच्यापैकी कोणाशीच बोलत नसत.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. सोमवार, मंगळवार आणि पुढचा सोमवार. अशा तीन संध्याकाळी.

मामांची बसायची जुनी जागा त्या वर्षी ढासळली होती. भरतीने चराचा काठच खाऊन टाकला. म्हणून ते नवी जागा शोधत होते. आणि ते काम त्यांनी नेहमीसारखं नीट केलं. चार संध्याकाळी बंदूक न घेता समुद्राच्या बांधावर बसले. दुर्बिणीतून नुसतं बघत राहिले, की दिवस मावळताना बदकं कुठून उठतात आणि कुठे उतरतात. मग दिवसाउजेडी बांधापलीकडच्या खाजणात, भरतीच्या त्या दलदलीत, उतरून तिथवर चालत गेले.

भरतीचं पाणी आत आणणारा मोठा चर ओलांडला की पुढे वीस मिनिटांवर एक तळं होतं. काठावर पिसंच पिसं. चिखल बदकांच्या पायांनी तुडवून मऊ झालेला. शेजारी एका लहान चराच्या वळणावर, माणूस बसला तर दिसणार नाही असा खळगा. सोन्यासारखी जागा.

आणि तिथे एकही रिकामं काडतूस पडलेलं नव्हतं.

एकही नाही...

मामांना त्याचा आनंदच झाला. म्हणजे जागा अजून कोणाला सापडलेली नाही.

त्या रात्री पबमध्ये म्हाताऱ्या विल्फ ग्रमिटने त्यांच्या बुटांवरचा चिखल पाहिला. विल्फ ऐंशीचा. त्या खाजणात त्याच्याइतकं कोणी फिरलेलं नाही.

"तळ्यापाशी गेला होतास ना?" विल्फ म्हणाला. "तिथे नको बसूस."

"का? तुला बसायचंय?"

"माझे गुडघे कधीच गेले. मी आता इथेच बसतो. राल्फ, तिथे पक्षी पडतात, पण घरी येत नाहीत."

"तुझ्या कुत्र्यांना नाकंच नव्हती, त्याला मी काय करू?"

"कुत्रे चांगले होते," विल्फ म्हणाला. "म्हणून तर सांगतोय."

मामा हसले. इथे चूक झाली, आणि ती शिकाऱ्यांनाच होणारी चूक आहे. या लोकांत चांगली जागा कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. विचारलंच तर उलट्या दिशेला बोट दाखवतात. चाळीस वर्षं मामांनी स्वतः हेच केलं होतं. त्यामुळे विल्फ थापा मारतोय आणि त्याच्या जावयासाठी जागा राखून ठेवतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

सोमवारी साडेतीनला मामा खळग्यात जाऊन बसले. टॅन्सी पायाशी.

चारला सूर्य गेला. आभाळ शिशासारखं झालं. मग शीळ घालणारी बदकं आली, थव्याथव्याने, अगदी डोक्यावरून. मामांनी दोनच बार काढले. एक बदक समोर पडलं. टॅन्सीने ते आणलं, समोर बसली, मान वर केली, हातात दिलं. मामांनी डोकं थोपटलं. तिने शेपटी चिखलावर आपटली, थप थप थप. हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं.

दुसरं बदक लहान चराच्या पलीकडे गवतात पडलं.

"जा," मामा म्हणाले.

ती गेली. गवत सळसळलं. मग थांबलं.

मग पलीकडून आवाज आला...

थप. थप. थप.

दोन मिनिटांनी टॅन्सी परत आली. तोंड रिकामं.

बदक सापडलं नाही की टॅन्सी ओशाळते. कान पाडते, नजर चुकवते. त्या दिवशी ती तशी नव्हती. खुशीत होती. ओठाला एक ओलं पीस चिकटलेलं होतं, आणि शाबासकी मिळाल्यासारखी ती बसली होती.

मामांनी बॅटरी घेऊन अर्धा तास गवत शोधलं. काही मिळालं नाही. पडलेला पक्षी तसाच टाकून जाणं त्यांना फार लागतं. घरी येऊन ते धड जेवलेही नाहीत.

मंगळवारी परत गेले. त्या दिवशी बदक पडलं ते तळ्याच्या मधोमध, उघड्या पाण्यात. टॅन्सी पोहत गेली. तिने बदक तोंडात धरलं. मामांना ते स्पष्ट दिसलं.

ती वळली...

आणि मामांकडे न येता पलीकडच्या काठाला गेली.

"टॅन्सी. इकडे ये."

ती कधी हाक टाळत नसे. त्या दिवशी तिने साधं वळूनही पाहिलं नाही. लहान चराच्या पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली.

मग पुन्हा तोच आवाज. थप. थप. थप.

मामांचं डोकं सणकलं. त्यांना वाटलं, पलीकडे कोणीतरी भुरटा बसलाय आणि दुसऱ्याची शिकार लाटतोय.

"कोण आहे रे तिकडे?" ते ओरडले. "स्वतःची कुत्री आणता येत नाही का?"



तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की खाजणात कसलाच आवाज उरलेला नाही. अंधारात सतत ओरडणारे ते लांब चोचीचे पक्षी गप्प. पाणी गप्प. वारासुद्धा...

टॅन्सी आली. तोंड रिकामं. मामांनी बॅटरी तिच्यावर धरली.

तिच्या काळ्या डोक्यावर राखाडी चिखल होता. चार बोटं आणि एक अंगठा.

मामा त्या वेळीसुद्धा घाबरले नाहीत, चिडले. हा त्यांचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी सकाळी चोराच्या बुटांचे ठसे बघायला म्हणून ते परत गेले. भांगाचे दिवस होते. भरतीचं पाणी त्या उंचीला चढतच नव्हतं, त्यामुळे कालचा चिखल जसाच्या तसा होता.

पलीकडच्या काठावर टॅन्सीच्या पंजांचे ठसे होते. ती जिथे बसली तो गोल दाबलेला भाग होता. मागे शेपटी हलवून चिखलावर उमटलेले पंख्यासारखे ठसे होते. दोन दिवसांचे, दोन.

आणि ती जिच्याकडे तोंड करून बसली होती, ती समोरची जागा...

गुळगुळीत. ठसा नाही, ओरखडा नाही, काही नाही.

तेव्हा मात्र मामांनी ठसे शोधणं सोडलं. ते तिथून तडक विल्फच्या घरी गेले.

विल्फने सगळं ऐकून घेतलं. "किती वेळा पाठवलंस तिला?"

"दोनदा."

"माझ्या मॉलीला मी तिसऱ्यांदा पाठवलं होतं," विल्फ म्हणाला. "तिच्यासारखी कुत्री मला परत मिळाली नाही. तीसुद्धा परत मिळाली नाही."

"तेव्हाच नीट सांगायचंस की."

"तू ऐकलं असतंस?"

 मामांनी घरी येऊन बंदूक कपाटात टाकली. टॅन्सीला पट्टा बांधूनच बाहेर न्यायला लागले. ती मात्र रोज चार वाजले की मागच्या दाराशी जाऊन बसायची. खाजणाच्या बाजूला तोंड करून.

पुढच्या सोमवारी लाकूड द्यायला आलेल्या माणसाने फाटक उघडं टाकलं. मामा बाहेर आले तेव्हा अंगण रिकामं होतं.

चार वाजायला दहा मिनिटं. आणि त्या दिवशी उधाणाची भरती होती. पाचनंतर पाणी चरात शिरणार. खाजणात पाणी समोरून येत नाही. आधी तुमच्या मागचा चर भरतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते. हे मामांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ते गेले. विल्फला एवढाच फोन केला, की बांधावर गाडी आण आणि दिवे खाजणाकडे लावून ठेव.

त्या संध्याकाळी आभाळात एकही पक्षी नव्हता.

मामा हाका मारत तळ्यापर्यंत पोहोचले. अंधार पडत आलेला. कुठेच काही हालत नव्हतं.

मग काहीतरी पाण्यात पडलं. धप्प.

वरून बदक पडतं तसा आवाज. पण बार झाला नव्हता...

पाण्यात कोणीतरी पोहत गेलं. पलीकडच्या काठावर चढलं. अंग झाडलं. मामांनी बॅटरी लावली.

टॅन्सी होती. पाठमोरी बसलेली, तोंडात बदक, मान वर. तिने हळूच तोंड उघडलं.

बदक तोंडातून सुटलं. पण खाली पडलं नाही.

ते नंतर कुठे गेलं हे मामांना सांगता येत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की टॅन्सीच्या डोक्यावरचे ओले केस एकदम चपटे झाले. कान मागे दाबले गेले. पुढून मागे, सावकाश. तळहात फिरावा तसे.

आणि शेपटी. थप. थप. थप.

"टॅन्सी," मामा म्हणाले.  "घरी चल, बाळा."

तिने वळून पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

मामा सांगतात, त्या क्षणी त्यांना भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. ते चर उतरून पलीकडे गेले आणि त्यांनी तिच्या गळ्यातला पट्टा धरला. ती त्यांच्यावर गुरगुरली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी तिला चिखलातून ओढत आणलं. विल्फ बांधावरून सारखा हॉर्न वाजवत होता. मोठा चर गाठला तेव्हा पाणी मामांच्या छातीपर्यंत आलं होतं.

अर्ध्यात पोहोचले आणि मागून शीळ ऐकू आली. दोन वेळा. आखूड. शिकारी आपल्या कुत्र्याला परत बोलावायला घालतो तशी.

टॅन्सी पाण्यातच वळली. तिने एवढा हिसका दिला की मामांची दोन बोटं मोडली. त्यांनी पट्टा सोडला नाही.

विल्फने दोघांना वर ओढलं. शीळ त्यानेही ऐकली होती.  फेब्रुवारीत तो झोपेतच गेला.

मामांनी बंदूक विकली, घर विकलं. आता ते आमच्या गावात राहतात. समुद्रापासून तीस मैल आत, दोन खोल्या, मागे अरुंद बोळकांडं आणि त्याला बंद दार. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं.

मागच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दिवस मावळला. टॅन्सी शेगडीसमोरून उठली. खुर्चीवरचा माझा हातमोजा तिने तोंडात घेतला आणि बोळकांड्यात गेली.

थप. थप. थप.

परत आली. तोंड रिकामं.

मी उठून बघितलं. बोळकांड्यात काही नव्हतं. दाराला आतून कडी होती. हातमोजा नव्हता.

"शोधू नकोस," मामा म्हणाले. "मी शोधून थकलो."

"हे कधीपासून चाललंय?"

"आलो तेव्हापासून. मार्जरीची शाल गेली. तिची चष्म्याची डबी गेली. तिची एकही वस्तू घरात राहिली नाही आता."

"मामा, हिला कोणाला तरी देऊन टाका."

"मार्जरीने निवडलीय तिला," ते म्हणाले. "ती माझी आहे. मी नाही देणार." ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते. बोळकांड्याकडे बघून बोलत होते.

टॅन्सी पुन्हा उठली. खोलीभर हुंगत फिरली. न्यायला काही उरलं नव्हतं.

मग ती मामांपाशी आली. त्यांचा मोडलेल्या बोटांचा हात तिने तोंडात धरला. अगदी अलगद. पक्ष्याला दात लागू नयेत म्हणून धरतात तसा. आणि बोळकांड्याकडे ओढायला लागली.

मामा उठून उभे राहिले.

मी त्यांचा दुसरा हात धरला. ते माझ्याकडे बघून हसले. "सोड रे," म्हणाले. "कोण आहे ते एकदा बघू तरी दे."

मी सोडला नाही. घरातले सगळे दिवे लावले. त्यांना झोप लागेपर्यंत तिथेच बसून राहिलो. कुत्रीही बसून होती. माझ्याकडे बघत.

आमच्याकडे राहायला या म्हटलं तर मामा ऐकत नाहीत. टॅन्सीला इथे सवय झालीय म्हणतात.

नोव्हेंबर पुन्हा लागलाय. अंधार चारलाच पडतो. आणि मी कामावरून पाचला सुटतो.