एकशे अठरा मिनिटांपलीकडची आई

जेवता जेवता केतकीने सहज विचारले, “आजोबा, आई मला डाव्या हातानं घास भरवायची, नाही का?” आणि डॉ. भालचंद्र सरनाईकांचा हात ताटातच थांबला.

सानिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला जाऊन आठ वर्षे झाली होती. तेव्हा केतकी जेमतेम तीन वर्षांची होती. तिचे बाबा दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन तळावर काम करत, म्हणून ती कोल्हापुरात आजोबांपाशी वाढत होती.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला हवं? मला आठवतंय. वरणभात होता. आईचा डावा हात पुढं यायचा.”

आजोबा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “सानिका डाव्या हातानं पेन्सिलसुद्धा धरत नसे. आणि डाव्या हातानं घास भरवला असता, तर तुझ्या पणजीनं तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं.”

केतकीचा चेहरा उतरला. आईच्या तिच्याजवळ मोजून चारच आठवणी होत्या. त्यांतली एक आत्ताच्या आत्ता खोटी ठरली होती. मग ती आली कुठून?

आजोबांना उत्तर ठाऊक होते, पण कुठलीही गोष्ट नुसती सांगून टाकण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तिला चप्पल घालायला सांगितली आणि ते तिला आपल्या जतनशाळेत (जुने चित्रपट दुरुस्त करून सांभाळण्याची जागा) घेऊन गेले.

सानिकाने आयुष्यात एकच चित्रपट केला होता, ‘परतीचा किरण’. सूर्यमालेच्या कडेपलीकडे निघालेल्या एका अंतराळवीर स्त्रीची ती कथा होती. शेवटी ती खिडकीशी उभी राहून हात उंचावते आणि चित्र थांबते. ती परतली की नाही, हे चित्रपट सांगत नाही. लोकांनी त्यावर इतके प्रेम केले, की कोल्हापुरात पुढे कितीतरी मुलींची नावे त्या अंतराळवीर स्त्रीवरून ठेवली गेली.

आता पार्थ दळवी नावाच्या दिग्दर्शकाला त्याची चाळीस भागांची मालिका करायची होती. नायिका सानिकाच असणार होती. तिचा चेहरा आणि आवाज गणकयंत्र घडवणार होते. माणूस वाईट नव्हता. तो दोनदा घरी आला आणि अदबीने बोलला. वारसाची संमती मिळाल्यावाचून काम सुरू करणार नाही, हेही त्याने स्वतःहूनच सांगितले. वारस होती केतकी. बाबांनी कळवले होते की ती म्हणेल तसे होऊ दे. शुक्रवारी उत्तर द्यायचे होते आणि आज बुधवार होता.

आजोबांचे मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. चित्रपट जिथे संपला तिथे तो संपवलेला आहे, ताणून काय मिळवाल, असे त्यांनी दळवींना तोंडावर विचारले होते. केतकीला ते हट्टी म्हाताऱ्यासारखे वाटले होते. तिने मनात केव्हाच होकार दिला होता. चाळीस रविवार आई दिसणार होती. दळवींनी दिलेला मालिकेचा तीन मिनिटांचा नमुना दहा दिवसांत तिने लपूनछपून किती वेळा पाहिला होता, ते तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

जतनशाळेत आजोबांचा मदतनीस यंत्रमानव एका जुन्या फितीवर वाकून बसला होता. त्याचे नाव रफू. आजोबांनी त्याला तो नमुना लावायला सांगितला. पडद्यावर सानिका यानात बसून रोजनिशी लिहीत होती. डाव्या हाताने. मग तिने डाव्या हाताने एका मुलीला घास भरवला.

केतकी पाहतच राहिली. वरणभात होता.

“तुझी आठवण इथून आली,” आजोबा म्हणाले. “मन रिकामी जागा फार वेळ रिकामी ठेवत नाही. समोर येईल ते उचलून तिथं बसवतं.”

“पण यंत्राला आई डावखुरी का वाटली?”

आजोबांनी सांगितले ते असे. केतकीच्या जन्माआधी, चित्रीकरण सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी सानिका पायरीवरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर अंतराळपोशाखाच्या बाहीत दडवले आणि सगळी कामे डाव्या हाताने करायची असे ठरले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पण सातत्याची वही (एका दृश्यातले कपडे, केस, सवयी दुसऱ्या दृश्यात बदलू नयेत म्हणून ठेवलेली नोंद) सांभाळणाऱ्या कुंदाताई पाटील भलत्याच कडक. अर्धी गोष्ट डाव्या हाताने आणि अर्धी उजव्या हाताने चालायची नाही, असे त्यांनी बजावले. हात बरा असूनही सानिका शेवटच्या दिवसापर्यंत डावखुरीच राहिली. एकशे अठरा मिनिटांच्या चित्रपटात तिचा उजवा हात कामाला लागलेला कुठेच दिसत नाही.

“आणि यंत्रानं तेवढीच एकशे अठरा मिनिटं पाहिली,” केतकी हळूच म्हणाली.

“आता इकडं ये.”

जतनशाळेच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला केतकीची उंची खुणेने नोंदलेली होती. पाचव्या वर्षी एकशे चार सेंटिमीटर, सहाव्या वर्षी एकशे दहा, आठव्या वर्षी एकशे बावीस. सातव्या वर्षी तिला गोवर आल्यामुळे खूण राहून गेली होती. ती किती असेल, असे आजोबांनी विचारले. केतकीने क्षणात उत्तर दिले, एकशे सोळा.

“बरोबर. दोन माहीत असलेल्या खुणांच्या मधली जागा भरणं, याला अंतर्वेशन म्हणतात. रफूचं काम तेच. फितीतली दोन चित्रं शाबूत असली, की मधलं फाटलेलं तो विणतो. तुझ्या आईच्या चित्रपटातली एकशे बारा फाटकी चित्रं त्यानंच सांधली. मी स्वतः तपासली, एकातही खोट नाही. आता वर्षाला सहा सेंटिमीटर हाच हिशेब धरून सांग, साठाव्या वर्षी तुझी उंची किती होईल?”

वाचकहो, तुम्हीही कागद घ्या आणि करून पाहा. केतकीने केले आणि ती दचकली. चारशे चौतीस सेंटिमीटर! सव्वाचौदा फूट!

“गणित चुकलं?”

“गणित अचूक आहे. तू खुणांच्या बाहेर गेलीस, एवढंच. माहीत असलेल्या टोकापलीकडचा अंदाज म्हणजे बहिर्वेशन. दोन पावलं गेलीस तर फारसं बिघडत नाही. दूर गेलीस की चूक वाढत जाते. आणि चूक आपण होऊन हात वर करत नाही, ती खऱ्यासारखीच दिसते.”

केतकीने मनाशी हिशेब केला. मालिका चाळीस भागांची, म्हणजे दोन हजार मिनिटे. आईची खरी मिनिटे एकशे अठराच. उरलेला सगळा वेळ सव्वाचौदा फुटांचा.

तिने रफूला विचारले, की तो तरी आईला खरी बनवू शकेल का. रफूने नकारार्थी मान हलवली.

“केतकीताई, मला दोन्ही कडा लागतात. इथं एकच कड आहे.”

 तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि आजोबांनी तिला थांबवले नाही. नकार द्यायचा म्हणजे चाळीस रविवार आपल्याच हाताने पुसायचे. होकार द्यायचा म्हणजे आणखी आठवणी डावखुऱ्या होऊ द्यायच्या. वर्षभराने आपल्याला कोणती आई आठवेल, हे तिला नीट दिसू लागले होते.

शुक्रवारची वाट न पाहता तिने तिथूनच दळवींना फोन लावला. मालिका करा, पण नवी नायिका घ्या, नवे यान घ्या, आणि आमच्या आईला खिडकीशी उभी राहू द्या, असे तिने सांगितले. दळवींनी समजावले, की प्रेक्षकांना तिचे पुढे काय झाले ते जाणून घ्यायचे आहे.

“मलाही जाणून घ्यायचंय, काका,” केतकी म्हणाली. “पण ते कुणालाच माहीत नाही.”

 यावर दळवी ‘बरं’ म्हणाले.

फोन ठेवल्यावर केतकीने शास्त्रज्ञाला शोभेल असा प्रश्न विचारला. बहिर्वेशन चुकते ते खुणा कमी असल्यामुळे. मग खुणा वाढवता येतील का?  आठ वर्षे आजोबा मुलीविषयी कुणाशी चार वाक्येही बोलले नव्हते. आठवण काढली की आवाज फुटत नाही, म्हणून ते गप्पच राहत आले होते. त्या गप्प राहण्यानेच नातीच्या वाट्याला चार आठवणी आल्या, हे आज त्यांना उमगले.

“विचार,” ते म्हणाले.

“आई माझ्यावर कधी रागावली होती? नमुन्यात ती रागावतच नाही.”

“एकदा. तू तिच्या चित्रपटाच्या जपून ठेवलेल्या संवादांच्या कागदांवर दूध ओतलंस आणि त्यातच बसकण मारलीस. ती ओरडली, ‘कार्टे, ऊठ तिथून!’ तू ओठ काढलास. मग तासभर तिनं तुला कडेवरून खाली ठेवलं नाही. कागद तसेच भिजत पडले.” त्यांनी स्वतःच्या उजव्या कमरेवर हात ठेवून दाखवला. “उजव्या कडेवर.”

रफूने नोंद ठेवू का म्हणून विचारले. केतकी नको म्हणाली. तिने कोरी वही घेतली, एक हा आकडा घातला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले, कार्टे, ऊठ तिथून. चित्रपटातली आईची सगळी वाक्ये तिला पाठ होती, पण त्यांतले एकही तिला उद्देशून म्हटलेले नव्हते. हे होते.

तिने ते पुन्हा एकदा वाचले. मग पुढच्या ओळीवर दोन हा आकडा घातला, त्यासमोरची जागा मोकळी ठेवली आणि आजोबांना विचारले, त्या कडक कुंदाताई पाटील आता कुठे राहतात, आणि उद्या तिकडे जायला पहिली गाडी किती वाजता आहे.